कधी इलंस? कधी जातलंस?

सुरंगी

मालवण तालुक्यातल्या आमच्या गावी कायमची राहायला आले त्याला आता चौथं वर्ष लागलं. त्याआधीची २२ वर्षं ठाण्यात गेली. बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहून काढते.

पहिलं दीड वर्ष वाटेत भेटणारा प्रत्येक जण मला दोनच प्रश्न विचारायचा. "कधी इलंस?" आणि त्याला लागूनच, "कधी जातलंस?" म्हणजे कधी आलीस, कधी जाणार. विचारणाऱ्याच्या मनात वाकडं काही नसायचं. चाकरमानी भेटला की हेच विचारायचं असतं. माझी आजीसुद्धा खळ्यात उभी राहून वाटेवरच्या मुंबईकरांना हेच विचारायची. पण दिवसातून चार वेळा "कधी जातलंस" ऐकत होते तेव्हा मी कशी वागत होते, ते आज आठवलं की चकित व्हायला होतं. कुणाकडे गेले तर ओटीवरच्या खुर्चीत बसायचे, आत जायचे नाही. चहा कपबशीतून यायचा, सोबत बिस्किटं, आणि मीही ती पाहुण्यासारखी दोनच उचलायचे. परसात अळूचा एक कांदा लावावा असं मनातसुद्धा आलं नाही. ठाण्याहून आणलेली मोठी बॅग माळ्यावर गेली नव्हती, कपाटाला टेकून उभी होती. जायचं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी माझे हातपाय जाणाऱ्या माणसाचे होते.

मग श्रावणातल्या एका दुपारी देवळाकडच्या पाणंदीत शेजारच्या काकी समोरून आल्या. डोक्यावर गवताचा भारा. मान वळवणं शक्य नव्हतं, भाऱ्याखालूनच म्हणाल्या, "खंय चललंस गो?"

कुठे चाललीस, हा प्रश्न ज्यांना रोज विचारला जातो त्यांना यातलं काही कळणार नाही. याला उत्तर द्यायचं नसतंच. "हयंच" म्हणायचं आणि पुढे जायचं. मीही "हयंच" म्हटलं आणि दहा पावलं गेल्यावर थांबले. त्या आठवड्यात बॅग माळ्यावर गेली.

तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत गेले. चार्ल्स कूली नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९०२ साली मांडलं की माणसाला स्वतःची ओळख दुसऱ्यांच्या आरशात होते. त्याचं म्हणणं असं : समोरच्याला मी कसा दिसत असेन, याची मी कल्पना करतो. तो त्यावरून माझ्याबद्दल काय मत करत असेल, याची दुसरी कल्पना करतो. आणि त्यातून मला अभिमान वाटतो किंवा लाज वाटते. माझ्या मते यातला कळीचा शब्द कल्पना हा आहे. त्या काकींच्या मनात खरं काय होतं ते मला अजूनही माहीत नाही. मी जे समजले त्यावर माझी बॅग माळ्यावर गेली.

दुसरा अर्व्हिंग गॉफमन. हाही समाजशास्त्रज्ञ, जन्माने कॅनडाचा. १९४९ ते १९५१ या काळात तो स्कॉटलंडच्या उत्तरेच्या शेटलंड बेटांवर राहिला आणि तिथल्या लोकांचं रोजचं वागणं टिपत गेला. त्याने नोंदवलेली एक गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून आत्याकडे गेले. तिथल्या घरांमध्ये आत उजेड कमी आणि बाहेर सगळं मोकळं, त्यामुळे येणारा पाहुणा घरातल्यांना लांबून दिसतो, पण घरातले त्याला दिसत नाहीत. दाराशी पोहोचता पोहोचता पाहुणा तोंडावरचा आधीचा भाव टाकून हसरा चेहरा करतो, आणि घरातल्यांना ते आतून बघायला मजा वाटते.

माझी आत्या ९० च्या घरात आहे. माजघरातल्या गजांच्या खिडकीशी बसून तांदूळ निवडते. बाहेर लख्ख ऊन, आत काळोख. गडग्यापासून आत येणारा माणूस तिला पायापासून डोक्यापर्यंत दिसतो. तिला शेटलंडची गोष्ट सांगत होते तेवढ्यात वरच्या वाडीतले तात्या येताना दिसले. कपाळाला आठ्या, ओठ आपल्याशीच पुटपुटतायत. तुळशीपाशी आले, खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं आणि तिथून पुढे हसत आले. आत्या ताटातून मान वर न काढता म्हणाली, "तुळशीकडे हसलो मा? रोज थंयच हसता."

मी म्हटलं, म्हणजे ते हसणं खोटं? तिला माझा प्रश्नच कळेना. म्हणाली, "देवळात जाताना पाय धुवतंव, ता खोटा काय?"

मला तुमचे अनुभव ऐकायचे आहेत. कुणाच्या बघण्याने, हाक मारण्याने, विचारण्याने तुम्ही बदललात?

तिरफळ

"माझे हातपाय जाणाऱ्या माणसाचे होते", हे वाक्य दोनदा वाचलं.

माझं गाडीत होतं. दादरला चढताना मी फोनवर हिंदीत बोलत असतो. पनवेलपर्यंत मराठी, तीही मुंबईची. चिपळूण सोडलं की शेजारचा कुणीतरी डबा उघडतो, "घेवा" म्हणतो, आणि माझ्या तोंडून "नको हो, आताच जेवलंय" असं निघतं. मुद्दाम कुणी काही करत नाही. परतीच्या गाडीत तेच उलट, आणि ते मला फार लागतं. पनवेलला आवाज बदलतो तेव्हा घशातून काहीतरी काढून ठेवल्यासारखं वाटतं.

रातांबा

तुमचे हेच दोन प्रश्न मी मे २०२० मध्ये ऐकले. तेव्हा "कधी इलंस" चा अर्थ दुसराच झाला होता.

गिरणगावातल्या १८० चौरस फुटांच्या खोलीत आम्ही सहा जण. पास मिळवून गावी आलो तर सरळ शाळेत, १४ दिवस. ज्या शाळेत मी पहिली ते चौथी शिकलो तीच शाळा, तोच वर्ग, खिडकीची तीच तुटलेली कडी. चुलत भाऊ जेवणाचा डबा फाटकाबाहेरच्या दगडावर ठेवायचा, दहा हात मागे जायचा आणि मग हाक मारायचा. त्याने एकही दिवस चुकवला नाही. आमटीत रोज वेगळं काहीतरी असायचं. पण त्या दहा हातांनी मला जे केलं ते कोणत्याही शिवीने केलं नसतं. मला ताप नव्हता, खोकला नव्हता. तरी तिसऱ्या दिवसापासून मी फाटकाकडे जाताना मान खाली घालायला लागलो. पाचव्या दिवशी डबा धुऊन परत ठेवताना तो दोनदा धुतला, तिसऱ्यांदा धुतला. माझ्या हाताला काहीतरी लागलंय असं मलाच वाटायला लागलं होतं.

१४ दिवसांनी घरी गेलो. आईने जवळ घेतलं. तरी पुढचा महिनाभर मी बावीवर पाणी काढायला लोक उठायच्या आधी जायचो. कुणी जाऊ नको म्हटलं नव्हतं.

गावावर राग नाही. गावात म्हातारी माणसं होती आणि मोठं इस्पितळ लांब. त्यांच्या जागी मीही दहा हात मागे गेलो असतो. पण सुरंगी यांनी लिहिलेली ती लाज मी अंगावर घेतलेली आहे. ती बाहेरून येते आणि आत जाऊन आपलीच होते.

सुरंगी

रातांबा, तुमचं वाचून बराच वेळ काही टाइप करता आलं नाही. तीन वेळा धुतलेला डबा विसरता येणार नाही.

निवृत्त_गुरुजी

राजापूर आणि देवगड तालुक्यांतल्या द्विशिक्षकी शाळांत ३१ वर्षं शिकवलं. सुरंगी, तुम्ही कूली आणि गॉफमन सांगितलात, मधला एक जण राहिला, तो मी जोडतो.

जॉर्ज हर्बर्ट मीड शिकागो विद्यापीठात शिकवत असे. १९३१ साली तो वारला. त्याच्या विचारांचं सर्वांत गाजलेलं पुस्तक विद्यार्थ्यांनी वर्गातल्या टिपणांवरून तयार केलं आणि ते १९३४ साली आलं. शिक्षकाचा विचार विद्यार्थ्यांनी जपून ठेवावा, याचं मला फार अप्रूप आहे. त्याचं म्हणणं, मूल 'मी' होऊन जन्माला येत नाही, खेळता खेळता होतं. पहिलं सोंगांचं खेळणं. आपल्याकडे भातुकलीत पोरगी आई होते, मग मासे विकणारी होते, मग गिऱ्हाईक होऊन स्वतःशीच घासाघीस करते. एका वेळी एक माणूस. पुढे नियमांचा खेळ येतो आणि तिथे सगळ्यांना एकदम डोक्यात धरावं लागतं.

मीडने उदाहरण बेसबॉलचं दिलंय. मी ते शाळेच्या पटांगणात क्रिकेटमध्ये पाहिलं. दुसरीच्या पोरांना खेळायला सोडा. चेंडू जाईल तिकडे अकराच्या अकरा पोरं धावतात, यष्टीरक्षकसुद्धा. पाचवीची पोरं जागा सोडत नाहीत. चेंडू माडांकडे गेला तर कोण धावेल, तो कुणाकडे फेकेल, मी तेव्हा कुठे असलं पाहिजे, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. दुसरी आणि पाचवी यांच्यामध्ये कधीतरी त्या पोराच्या आत इतर दहा जण राहायला आलेले असतात. मोठेपणी त्या दहांची जागा अख्खी वाडी घेते. "लोक काय म्हणतील" यातले लोक म्हणजे तेच.

मीडने माणसाचे दोन भाग केले. मराठीत ते आयतेच आहेत : 'मी' आणि 'मला'. लोकांच्या नजरेतून घडलेला तो 'मला'. आणि त्याला उत्तर देणारा, आयत्या वेळी काय बोलेल ते स्वतःलाही ठाऊक नसलेला, तो 'मी'. पहिलीत येणारी बरीच पोरं स्वतःला नावाने बोलवायची. "बाबूक तहान लागली." घरचे त्याला बाबू म्हणतात म्हणून तोही स्वतःला बाबू म्हणतो, म्हणजे घरच्यांच्या जागी उभा राहूनच स्वतःकडे बघतो. "माका" नंतर येतं. कूलीनेही आपल्या मुलांचे पहिले बोल असेच टिपले होते.

खाडीपलीकडे

सगळ्यांचं वाचलं. मला यात थोडं वेगळं बोलायचंय, रागावू नका. गावाची नजर माणसाला घडवते हे खरं, पण घडवते म्हटलं की ते चांगलंच वाटतं. मी ती नजर माणसाला बारीक करत नेताना पाहिली आहे.

वडील गेले तेव्हा आई ३४ वर्षांची होती, मी नऊची. त्यानंतर ११ वर्षं ती कुणाच्याही घरी पुढल्या दाराने गेली नाही. नारळ सोलायला, पापड लाटायला, बाळंतिणीला न्हाऊ घालायला जायची. प्रत्येक घरी वळसा घालून मागीलदारी. पावसात तो वळसा म्हणजे घोटाभर चिखल. मोठी झाल्यावर मी तिला विचारलं, कुणी सांगितलं तुला? तिने खूप वेळ आठवून पाहिलं. म्हणाली, "कोणी नाय सांगूक."

गुरुजींनी लिहिलेले ते दहा जण माझ्या आईच्या आत राहायला आले होते आणि पुढल्या दारात उभे होते.

एका चतुर्थीच्या आदल्या दिवशी शेजारच्या घरातली नवी सून ओटीवर रांगोळी काढत होती. आईला वळसा घालताना पाहिलं आणि तिने हाक मारली, "गो काकी, फुडल्या दारान ये. मागे निसरडा आसा." एवढंच. तिने हे ठरवून केलं की खरंच शेवाळाची काळजी होती, ते मला माहीत नाही. आईने पायरीवर एक पाय ठेवला. चौकटीला हात लावला. मग आत गेली, पण दाराजवळच बसली, पाठ भिंतीला टेकवली नाही. सरावायला तिला वर्ष गेलं. मी बरोबर असायचे म्हणून ते वर्ष मला आठवतं. आवाज आधी बदलला, मग चाल.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. ते वाचून दाखवलं तेव्हा आई म्हणाली, "कागदाक काय कळता दार खंयचा?" मी तिच्याशी सहमत नाही. ठराव हवाच. दर वेळी एखादी सून रांगोळी काढत बसलेली असेल या भरवशावर बायकांनी ११ वर्षं का काढावीत? पण दार कागदाने उघडलं तरी आतून कुणीतरी "ये" म्हणावं लागतं, हे आईचं म्हणणंही खरं आहे.

मधली_आळी

खाडीपलीकडे, आईंना नमस्कार सांगा. गुहागरला माझ्या मावशीचं अगदी असंच होतं. तिला हाक मारणारं कुणी भेटलं नाही.

आगबोट

रत्नागिरीचा. मालवाहू जहाजावर चीफ ऑफिसर. एका खेपेला सहा-सात महिने, जहाजावर आम्ही २२ जण. तेवढे महिने मला नावाने कुणीही हाक मारत नाही. "चीफ", नाहीतर "सर". मी बोलतो तेही तोडून तोडून. अमुक कर, झालं का, किती वाजता. तिथे तसंच बोलावं लागतं, डेकवर गोड बोलत बसलं तर कुणाचा तरी हात जाईल.

घरी आल्यावर पहिले तीन-चार दिवस बायको मला फार काही विचारत नाही. मला वाटायचं, मी दमलो असेन म्हणून. मागच्या खेपेला तिने सांगितलं, "तू पाणी मागतोस तेव्हा मला दोरखंड ओढायला सांगितल्यासारखं वाटतं." मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. ती माझ्याशी बोलताना सरळ उभी राहायची, हात बाजूला. मी तिला तसं कधीच शिकवलेलं नाही. माझ्या आवाजाने तिला तसं उभं केलं.

आता गावात उतरलो की आधी आईकडे जातो. ती "बाबू" म्हणते, गालाला हात लावते, माशाचं तिकलं वाढते. तिथे दोन तास बसतो. मग घरी.

रंगपट

मी दशावतारात नऊ वर्षं स्त्रीपार्टी केली. इथल्यांना दशावतार सांगायला नको, पण घाटावरचे वाचक असतील त्यांच्यासाठी : नाटक लिहिलेलं नसतं. कथा ठरते, पात्रं वाटून घेतात, संवाद रंगमंचावर सुचतील तसे. बायकांची कामं पुरुषच करतात. तोंड ज्याचं त्याने रंगवायचं, पेटाऱ्यावर आरसा टेकवून.

या धाग्यात बघणाऱ्याबद्दल बोलणं चाललंय म्हणून सांगतो. आमचे अर्धे संवाद बघणारेच घडवतात. धयकाल्याच्या, म्हणजे देवळापुढच्या दशावताराच्या रात्री समोर बायाबापड्या पदर डोळ्याला लावून बसल्या असतील तर सीतेचा विलाप अर्धा तास चालतो, आणि शब्द कुठून येतात ते मला स्वतःला कळत नाही. तीच सीता, तोच मी, दुसऱ्या गावात लोक उठून भज्यांच्या गाडीकडे गेले की दहा मिनिटांत संपते. एकट्याने बावीवर बसून तो विलाप म्हणून बघितला आहे. चार वाक्यांपुढे जात नाही.

दुसरं जरा आतलं आहे. चौथ्या-पाचव्या वर्षापासून मी घरी लुंगी-बनियनवर असलो तरी वडीलधारं कुणी खळ्यात आलं की माझा उजवा हात खांद्याकडे जायला लागला, पदर सारखा करायला. पहिल्यांदा बायकोच्या लक्षात आलं. ती हसली नाही. म्हणाली, "आता समाजला तुमका, दिवसातसून कितीदा करूचा लागता ता?" मी मोजत बसलो नाही, पण तिच्याकडे बघत राहिलो त्या दिवशी. भात वाफेवर ठेवताना, पोराला ओरडताना, सासऱ्यांची चाहूल लागली की दर वेळी. मला तो हात शिकायला मेहनत पडली होती. तिला तो कुणी शिकवलेला आठवतही नव्हता.

आता पुरुषपार्टी करतो. हात अजून जातो.

तिरफळ

@रंगपट, पुढचा धयकालो कुठे आहे ते इथे लिहा. येतो.

@निवृत्त_गुरुजी, एक शंका. सगळंच जर लोकांकडून आलेलं असेल, तर गाडीत घशातून काढून ठेवल्यासारखं वाटतं ते कुणाला? चिपळूणच्या पुढचा मी पण लोकांनीच घडवला ना?

निवृत्त_गुरुजी

तिरफळ, माझ्यापुरतं सांगतो. तुम्हाला बोलायला शिकवलं ती माणसं गावची. पहिला आरसा तो. पुढचे आरसे कितीही मोठे मिळाले तरी माणूस स्वतःला ओळखताना पहिल्यात एकदा डोकावून बघतोच. म्हणून तो काढून ठेवताना दुखतं. पण रातांबांचंही तेच गाव होतं आणि तीच शाळा. म्हणजे पहिला आरसा कायम दयाळूच असेल असंही नाही. याहून पक्कं उत्तर माझ्याकडे नाही.

सुरंगी

खाडीपलीकडे यांचा प्रतिसाद वाचल्यापासून एक गोष्ट टोचत होती. ती लिहिते.

आमच्या वरच्या अंगाला एका बागायतदाराची कलमांची बाग आहे. राखणीला एक नेपाळी जोडपं असतं. हा त्यांचा तिसरा हंगाम. अख्खी वाडी नवऱ्याला "गुरखो" म्हणते, बाईला तर काहीच म्हणत नाही. आणि मी त्यांना तीन वर्षांत काय विचारलं, ते आठवून पाहिलं. ऑक्टोबरात, "कब आये?" मे महिना सरत आला की, "कब जाओगे?" दुसरं काही नाही. ज्या दोन प्रश्नांनी मी दीड वर्ष खुर्चीच्या कडेवर बसले होते तेच मी तिला विचारत आले.

काल संध्याकाळी ती कळशी घेऊन गडग्याच्या पलीकडून जात होती. मी भाजी निवडत होते. हाक मारली आणि विचारलं, "खंय चललंस गो?"

ती थांबली. कळशी एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतली.

"बावीर," म्हणाली. "पाणी हाडूक." आणि चार पावलं गेल्यावर मागे वळून, "तुमी जेवलात मा?"

संध्याकाळचे सहा वाजले होते. मी "होय" म्हटलं.